चेंडूवरची नजर काढ

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल काल रात्री वाचली, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. मेसमध्ये चौघींशी भांडायचं, ताट अर्धवट टाकून उठायचं आणि रात्री दीड वाजता बास्केटबॉलवाल्या ड्रेमंड ग्रीनवर मला पानंच्या पानं लिहायची, हे तू बाबाकडून उचललंस. आमच्या टीममध्ये तोही असाच. सामन्यापेक्षा सामन्यानंतरच्या भांडणात जास्त दमायचा.

पण वाचून मी चिडलो, ते आधी सांगतो. सोमवारी तू छातीठोकपणे म्हणालीस की ग्रीन नसता तर गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या २०१५ ते २०२२ मधल्या चार विजेतेपदांपैकी एकही आलं नसतं. पुरावा कुठला, तर २०१६ ची फायनल. सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ ने पुढे असताना ग्रीनवर एका सामन्याची बंदी आली आणि पाचवा सामना क्लीव्हलंडने ११२-९७ ने नेला. बुधवारी तुझ्या मैत्रिणीने २०२३ काढलं. सॅक्रामेंटोविरुद्ध पहिल्या फेरीत त्यांच्या सबोनिसच्या छातीवर ग्रीनने पाय दिला म्हणून पुन्हा बंदी, तिसरा सामना ग्रीनशिवाय, आणि वॉरियर्स ११४-९७ ने जिंकले. झालं! गुरुवारपर्यंत ग्रीन तुझ्या लेखी टीमच्या स्टार स्टेफ करी नावाच्या झाडावरचं बांडगूळ. आणि आता मला विचारतेस, ‘काका, नक्की कोणता आकडा बघायचा?’

(दोन्हीकडे सत्त्याण्णव आहेत, लक्षात आलं का? एकदा आपले, एकदा त्यांचे. यातून काहीही सिद्ध होत नाही. तरी तू त्याचाही एक कॉलम केला असशील.)

संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीने एका सामन्यावर घर बांधावं आणि दुसऱ्या सामन्याने ते पाडावं, याचं मला वाईट वाटलं. तुझं मत बदललं याचं नाही. मत न पाहता केलं आणि न पाहताच बदललं, त्याचं. मी तुला नववीत असताना ग्राउंडवर काय सांगितलं होतं? चेंडूवरची नजर काढ. चेंडू कुठे आहे ते सगळ्या जगाला दिसतं. तू बाकीच्या नऊ जणांकडे बघ.

आता तो २०२३ चा सामना घे. ग्रीन नव्हता तेव्हा ग्रीनचं काम कुणी केलं? तुझ्या मैत्रिणीने सांगितलं नसेल आणि तूही विचारलं नसशील. आपल्याच टीममधल्या केव्हॉन लूनीने. गुण किती, तर चार. रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेले चेंडू, वीस; असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास, नऊ. म्हणजे गुण न करणाऱ्याची जागा गुण न करणाऱ्या दुसऱ्यानेच भरली आणि टीम जिंकली. यावरून ‘ग्रीनची गरज नाही’ असं निघतं, की ‘ते काम कुणीतरी करावंच लागतं’ असं? भांडायचंच होतं तर इथे भांडायचं होतंस. आणि २०१६ च्या पाचव्या सामन्यात क्लीव्हलंडच्या लेब्रॉनने ४१ केले, कायरी अर्व्हिंगनेही ४१. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपल्या बोगटचा गुडघा गेला. एकटा ग्रीन असता तर हे सगळं थांबलं असतं, असं मीही शपथेवर सांगणार नाही. मी त्याचा भक्त असलो तरी.

त्या पाचव्या सामन्याची, मंगळवारची सकाळ मला आठवते. १४ जून, आपल्याकडे साडेसहाला सामना. तुझी काकू म्हणाली, ‘तुमचा तो भांडखोर आज नाही का?’ तो शेजारच्या बेसबॉलच्या स्टेडियममध्ये बसून टीव्हीवर आपल्याच टीमचा सामना बघत होता. पुढच्या सोमवारी सातवा, निर्णायक सामना. ग्रीनचे ३२ गुण, १५ रिबाउंड, ९ असिस्ट. टीममध्ये सर्वांत जास्त गुण त्याचे, आणि हरले ९३-८९. शेवटच्या साडेचार मिनिटांहून जास्त वेळ वॉरियर्सना एक गुण करता आला नाही. आता बघ, तुझ्या कॉलमच्या हिशेबाने ही त्याची मोठी रात्र. त्याला विचारशील तर कुठली मोठी म्हणेल? मला विचारशील तर १० फेब्रुवारी २०१७. मेम्फिसविरुद्ध चार गुण, बारा रिबाउंड, दहा असिस्ट, दहा स्टील, म्हणजे समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू. गुणांचा आकडा दोन अंकी नसताना ट्रिपल-डबल, म्हणजे तीन रकान्यांत दोन अंकी आकडे, करणारा एनबीए या अमेरिकन लीगमधला तो पहिलाच. चार गुण! तुम्हा मेसवाल्यांच्या हाती टीम असती तर चार गुणवाल्याला तुम्ही बेंचवर बसवलं असतं.

तू विचारशील की तो करतो तरी काय. किती वेळा सांगितलं आहे, पण पुन्हा सांगतो. करीच्या हातात चेंडू. ग्रीन वर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे करीमागे धावणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. करीला मोकळा सोडायची कुणाची छाती नाही, म्हणून दोघे त्याच्यावर धावतात. करी चेंडू ग्रीनकडे सरकवतो, ग्रीन फ्री थ्रोच्या रेषेजवळ वळतो, आणि आता त्याच्यासमोर चार विरुद्ध तीन असा खेळ आहे. त्या अर्ध्या सेकंदात त्याला ठरवायचं असतं: आत उडी मारणाऱ्याला उंच लॉब द्यायचा की कोपऱ्यातल्याला पास. कोपऱ्यातला तीन गुण टाकतो, कॅमेरा कोपऱ्यातल्यावर, टाळ्या कोपऱ्यातल्याला. ग्रीनला फार तर एक असिस्ट. आणि पास मिळालेल्याने आणखी एक पास दिला, तर तेही नाही. स्क्रीन लावल्याचा तर साध्या स्कोअरशीटमध्ये रकानाच नाही.

डिफेन्समध्ये तर विचारूच नकोस. कागदावर सहा फूट सहा इंच, म्हणजे त्या पोझिशनला बुटकाच, आणि त्याच्यापेक्षा वीतभर उंच माणसांसमोर उभा. २०१५ च्या फायनलमध्ये १-२ ने मागे पडल्यावर प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी बोगटला बसवून बेंचवरच्या इग्वादालाला सुरुवातीला उतरवलं, तेव्हा मधला खांब म्हणून उरला हाच. चौथा सामना १०३-८२. इग्वादालाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पुरस्कार मिळाला, योग्यच. पण तो डाव ज्याच्या खांद्यावर टाकला, तो खांदा कुणाचा होता ते चेंडूमागे धावणाऱ्याला दिसणार नाही. आवाज बंद न करता सामना बघ. समोरचा स्क्रीन कुठून येतोय, कुणी कुणाला बदलून घ्यायचं, ते ओरडून कोण सांगतोय, ऐकू येतं. त्या ओरडण्याचाही रकाना नाही.

तुझ्या प्लस-मायनसबद्दल. खेळाडू कोर्टवर असताना आपण किती केले आणि किती खाल्ले, हे मोजायची कल्पना चांगली आहे, साध्या गुणांपेक्षा कितीतरी प्रामाणिक. पण तुझी मैत्रीण बरोबर बोलली: ग्रीनची बहुतेक मिनिटं करीबरोबर जातात. दुधात साखर विरघळल्यावर गोडी कुणाची, हे वेगळं काढायला तुमची ती रिग्रेशनवाली गणितं लागतात, आणि दोघे कायम एकत्रच असले तर तीही चाचपडतात. हे तू मला शिकवायला हवंस, मी तुला नाही. म्हणून सांगतो, आकडा कुठे बोट दाखवतो ते बघ, मग तिथे जाऊन डोळ्यांनी बघ. आकडा बघून झोपी जाऊ नकोस.

आता माझं एक सांगतो. बाबाला माहीत आहे, तुला नसेल.

मी जिल्ह्याच्या निवड समितीत होतो. तिघे होतो. शेवटची जागा उरली होती आणि दोन मुलं. एकाने तीन चाचणी सामन्यांत वीस-वीसच्या आसपास गुण केलेले. दुसरा डावखुरा, काळासावळा, पायात भावाचे बूट. त्याचे गुण दोन, शून्य आणि चार. स्कोअरशीट टेबलावर. दोघांची मतं फुटली, तिसरं माझं. मी कागदाकडे बघितलं आणि वीसवाल्याचं नाव सांगितलं. राज्य स्पर्धेत पहिल्याच फेरीत समोरच्या एका उंच पोराने आमच्या रिंगखाली तंबू ठोकला. त्याला अडवायला कुणी नव्हतं. आमचा वीसवाला वीस करत राहिला आणि आम्ही हरलो.

डावखुरा नंतर ग्राउंडवर दिसला नाही. पुढे एकदा पावसाळ्यात जुने कागद चाळत बसलो, तेव्हा लक्षात आलं की तिन्ही चाचणी सामने तो ज्या बाजूने खेळला तीच बाजू जिंकली होती. थांब, उड्या मारू नकोस. तीन सामने, कुणाबरोबर खेळला, समोर कोण होतं, हे सगळं आहेच. पण मी तेव्हा कोर्टच्या कडेला, दहा पावलांवर बसलो होतो ग! हा आकडा शोधायला मला इतकी वर्षं आणि गळकं छप्पर का लागावं? तो पोरगा माझ्या डोळ्यांसमोर खेळत होता आणि मी चेंडू बघत होतो.

मी एकटा नव्हतो, हेही लिहितो. तिघांचा निर्णय होता. वेळ कमी होता, अंधार पडत आला होता, वीसवाल्या मुलाचे वडील बाहेर उभे होते आणि कागदावर वीस आकडा लिहिलेला असताना शून्यवाल्याला घेतलं असतं तर मलाच लोकांनी विचारलं असतं. आज ही सगळी कारणं लिहून काढताना ती फार वाटत नाहीत, पण त्या संध्याकाळी पुरेशी होती.

म्हणून २०१२ च्या ड्राफ्टचं, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीचं, मला कौतुक वाटतं. त्याच रात्री वॉरियर्सनी सातव्या क्रमांकाला हॅरिसन बार्न्स घेतला, तिसाव्याला फेस्टस एझिली, आणि पस्तिसाव्याला ग्रीन. म्हणजे बाकीच्या जगाने सोडाच, त्यांनी स्वतःही त्याला दोनदा बाजूला ठेवलं. पण तिसऱ्यांदा घेतला, आणि टीममधला डेव्हिड ली जायबंदी झाला तेव्हा त्याच्या जागेवर उभाही केला. माझ्या टेबलावर तिसरी संधी नव्हती.

आता त्याच्या रागाबद्दल. तू लिहितेस, ‘इतक्या सामन्यांना जो बंदीमुळे बाहेर बसतो, त्याची किंमत काय?’ प्रश्न रास्त आहे आणि तुझ्या सगळ्या मेलमध्ये हा एकच खरा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरावात त्याने जॉर्डन पूलला ठोसा मारला. आपल्याच पोराला. त्या मोसमात ही टीम बाहेरगावी ४१ पैकी ३० सामने हरली. सगळं त्या ठोशामुळे असं मी म्हणत नाही, पण घरात एकदा भांडण झालं की वाढलेलं ताटही गोड लागत नाही. उन्हाळ्यात पूल गेला, ग्रीनला चार वर्षांचे दहा कोटी डॉलर मिळाले. नंतरच्या मोसमात समोरच्या टीमच्या गोबेअरची मान धरली म्हणून पाच सामने बंदी, दुसऱ्या एका टीमच्या नुर्किचला मारलं म्हणून आणखी बारा. हे त्याच्या खात्यातून वजा करायचंच. ज्याची किंमत कोर्टवर दिसते, त्याला कोर्टवर असावं लागतं. इथे मी त्याची बाजू घेणार नाही.

थोडीशी घेतो. सॅक्रामेंटोविरुद्धच्या त्याच २०२३ च्या मालिकेत, बंदी संपल्यावर, चौथ्या सामन्यात तो आपण होऊन बेंचवरून आला, कारण त्याच्याविना खेळलेले पाच जण जिंकले होते. १२६-१२५. एका गुणाने. हेही मोजणार का? कुठे मोजणार? राग करणाऱ्या माणसाचा राग सगळे मोजतात. मी माझ्या काळात एक आख्खा मोसम बाहेर बसलो होतो, तुला बाबाने रंगवून सांगितलं असेलच. ज्या निर्णयावरून ते झालं तो निर्णय चुकीचा होता, आणि मी चेंडू पंचांवर फेकला नव्हता, जमिनीवर आपटला होता. उसळला त्याला मी काय करू?

असो. हा विषय माझ्या वयाला बरा नाही.

तुला काम देतो. पुढचा सामना तुमच्या मेसमध्ये लागेल तेव्हा दुसरा क्वार्टर फक्त ग्रीनकडे बघ. चेंडू दुसऱ्या टोकाला गेला तरी तुझी नजर त्याच्यावर. करीने तीन गुण टाकले आणि सगळ्या ओरडल्या तरी मान वळवायची नाही. वहीत लिही: किती स्क्रीन, किती वेळा ओरडला, त्याला कुणी किती वेळा मोकळा सोडला. हे तिसरं नीट लिही, कारण त्याच्या शॉटची कुणाला भीती नाही आणि त्यामुळे बाकीच्यांच्या अंगावर गर्दी होते. तुझी मैत्रीण हे बोलली नाही, पण तिचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच असायला हवा होता. तिसरा क्वार्टर तसाच तिला बघायला लाव, पण तिने लूनीसारखा दुसरा कुणी निवडायचा. मग वह्या अदलाबदल करा आणि भांडा. भांडू नका असं मी कधीच म्हणणार नाही.

निकाल काय लागला ते मला कळवू नकोस. वहीच्या पानाचा फोटो पाठव. आणि ताट टाकून उठत जाऊ नकोस, मेसचे पैसे बाबा भरतो.

तुझा,
काका

ता. क. चेंडू पंचांच्या पायाला लागला होता, पोटाला नाही. बाबाला विचार, खरं काय ते. तो तेव्हा टाइमआउटमध्ये पाणी पीत होता, त्याने काहीही पाहिलेलं नाही.