पट्टी तपासणाऱ्याचं काम

देवगडहून एका पालकांनी विचारलंय: मुलगी टी. वाय. बी. एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला आहे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामची) जड गणितं ब्लॉकचेनच्या, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांवर मिळून ठेवलेल्या सामायिक वहीच्या, बाहेर चालवून पडताळण्याचं काम शिकायचं म्हणते. हा सट्ट्याचाच प्रकार ना? आणि पुण्यात 4 महिन्यांचा क्लास लावावा का?

नमस्कार. सट्टा नव्हे, हिशेबतपासणी आहे. आंबा वाशीला जातो, दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, येते. ती पटली नाही तर कोणी बाजार पुन्हा भरवत नाही, चुकलेली ओळ शोधतात. इथेरियम या ब्लॉकचेनवर गणिताची प्रत्येक पायरी प्रत्येक नोड (जाळ्यातला कॉम्प्युटर) स्वतः करतो, म्हणून ती महाग. नवी नोंद साठवायलाच 20,000 च्या वर गॅस (कामाचं शुल्क मोजायचं एकक) जातो. तेव्हा गणित बाहेर करायचं आणि साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, निकाल टाकायचा. हरकत आली की निकाल टाकणारा आणि हरकत घेणारा, दोघांनी मधल्या पायरीची स्थिती सांगायची. ती जुळली तर भांडण पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. 10 लाख पायऱ्या 20 फेऱ्यांत एकीवर येतात. तेवढीच कॉन्ट्रॅक्ट करून बघतं.

मेख अशी, की तपासणारा निदान एक तरी जागा राहायला हवा. पट्टी वर्षानुवर्षं बरोबर आली की कोण बघतो? अशी बाहेरची गणितं पडताळणाऱ्या ट्रूबिट या प्रकल्पाच्या 2017 च्या आराखड्यात म्हणूनच मुद्दाम चुका पेरून पकडणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं.

दुसरी वाट झीरो-नॉलेज पुराव्याची: गणित बरोबर केल्याचा असा पुरावा, की तपासणाऱ्याला ते पुन्हा करावं लागत नाही. तपासणी स्वस्त, पण पुरावा बनवणं मूळ गणितापेक्षा कैक पटींनी जड. सर्कोम या असे पुरावे लिहायच्या भाषेत रेघांचा बाण (<--) नुसती किंमत भरतो. ती किंमत तपासली जाण्याची अटही घालतो तो बरोबरच्या चिन्हांचा (<==). पहिला वापरून अट लिहायची राहिली, तर खोट्या उत्तराचाही पुरावा पास होतो, आणि प्रोग्राम तक्रार करत नाही.

क्लास नको. त्यात बहुधा टोकन (स्वतःचं डिजिटल नाणं) काढायला शिकवतात. तिने आधी मॉड्युलर अंकगणित (भागाकाराच्या बाकीचं गणित) आणि रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा पक्की करावी. मग फाउंड्री हा कॉन्ट्रॅक्ट लिहून तपासायचा साधनसंच घेऊन घरच्याच कॉम्प्युटरवर सरावाची साखळी चालवावी; ती फुकट आहे, एकही नाणं लागत नाही. बेरीज-वजाबाकीचं छोटं यंत्र लिहावं, प्रत्येक स्थितीचं मर्कल मूळ (सगळ्या नोंदींचा मिळून एक छोटा ठसा) काढावं, भांडण अर्धं-अर्धं करणारं कॉन्ट्रॅक्ट जोडावं. रक्कम पैशांत, पूर्णांकातच ठेवावी. दशांशाची गोळाबेरीज दोन मशीनवर वेगळी निघाली तर खरा माणूसही खोटा ठरतो. मग एक पायरी बिघडवून ती पकडली जाते का बघावं. एका बाजूची वीजही घालवून बघावी (पावसाळ्यात तुमच्याकडे ते आपोआपच होईल): वेळेत उत्तर न देणारा हरतो, बरोबर असला तरी.

फ्रेशरसाठी या कामात नोकऱ्या थोड्याच असतात. म्हणून एम. एस्सी.चा फॉर्म भरू द्या. वरचा सराव शनिवार-रविवारी होण्यासारखा आहे.