वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातले इंदूर

प्रश्न : आम्ही पती-पत्नी, ११ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई असे चौघे नाताळच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने नाशिकहून इंदूरला जाणार आहोत. हाताशी पाच दिवस आहेत. चार रात्री इंदुरात मुक्काम करून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आणि मांडू ही ठिकाणे रोज एक याप्रमाणे पाहावीत, असा बेत आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मात्र महाकालाचे दर्शन घेण्याची त्यांची फार इच्छा आहे. हा बेत योग्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हा बेत आपण बदलावा, असे मी आग्रहाने सांगेन. रोज सकाळी गाडीत बसून रात्री थकून परतायचे असेल, तर इंदूर हे केवळ झोपण्याचे ठिकाण होईल, आणि हिवाळ्यात या शहराची जी खरी मौज आहे, ती रात्रीचीच आहे. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच असल्यामुळे डिसेंबरात दिवसा ऊन सुखद असते आणि सूर्य मावळताच हवा झपाट्याने गार होते. ‘शब-ए-मालवा’, म्हणजे माळव्याची रात्र, हा जुना शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही.

आपण गाडीने जात आहात, याचा एक मोठा लाभ आपल्या लक्षात आलेला दिसत नाही. नाशिकहून धुळे, शिरपूर, सेंधवा असा आग्रा रस्ता धरला, की खलघाटला नर्मदा ओलांडल्यावर लगेच धामनोद लागते, आणि तेथून महेश्वर अवघ्या १३-१४ किलोमीटरवर आहे. म्हणजे महेश्वर हे इंदूरहून ९० किलोमीटर मागे येऊन पाहण्याचे गाव नसून, आपल्यासाठी ते जातानाच्या वाटेवर आहे. नाशिकहून पहाटे निघावे आणि पहिली रात्र इंदूरऐवजी महेश्वरला काढावी. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला घाटावर गेल्यास नर्मदेवर धुके तरंगत असते आणि पायऱ्यांवर स्नान करणाऱ्यांपलीकडे फारसे कोणी नसते. सासूबाईंनी सगळ्या पायऱ्या उतरण्याची गरज नाही. किल्ल्यातल्या अहिल्याबाईंच्या वाड्याजवळूनही नदीचे पात्र उत्तम दिसते. हा वाडा पाहताना मुलाला आवर्जून सांगावे, की चौंडीसारख्या लहान गावात १७२५ साली जन्मलेल्या बाईंनी येथून राज्य चालवले. राजवाडा म्हणावा असा थाट त्यात नाही, आणि म्हणूनच तो मनात राहतो.

महेश्वरी साडी घ्यायची असल्यास दुकानात जाण्यापूर्वी एखाद्या विणकराच्या मागापाशी थोडा वेळ उभे राहावे. ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा, त्यामुळे कापड अंगावर हलके बसते. किनारीत नर्मदेच्या लाटांची, विटांची आणि चटईची नक्षी असते, आणि अस्सल साडीची किनार उलट्या बाजूनेही तितकीच सुबक दिसते. किनार उलटून पाहण्याची ही सवय खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदुरात पोहोचावे. तिसरा दिवस पूर्णपणे शहरासाठी ठेवावा. होळकरांचा सात मजली राजवाडा, ज्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, कृष्णपुरा येथील छत्र्या (होळकरांची समाधिस्मारके) आणि काच मंदिर ही ठिकाणे एकमेकांपासून जवळ आहेत.

चौथा दिवस उज्जैनचा. अंतर साधारण ५५ किलोमीटर आहे. महाकाल मंदिरातली भस्म आरती पहाटे चारला होते, तिच्यासाठी आगाऊ नोंदणी लागते आणि त्याच्याही बऱ्याच आधी रांगेत उभे राहावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांना डिसेंबरच्या गारठ्यात हे झेपणारे नाही, तेव्हा सकाळचे साधे दर्शन घ्यावे. आज दिसणारे मंदिर मुख्यतः १८ व्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभारले, हे सासूबाईंना ऐकायला आवडेल. मुलासाठी सवाई जयसिंगाची वेधशाळा चुकवू नये. २२ डिसेंबरच्या सुमारास तेथील शंकूची, म्हणजे सावली मोजण्याच्या उभ्या खुंटीची, मध्यान्हीची सावली वर्षातली सर्वांत लांब असते, म्हणजे आपण नेमके योग्य दिवसांत जात आहात. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला मात्र महाकालाच्या दारी अफाट गर्दी होते. काही झाले तरी २९ तारखेपर्यंत उज्जैन आटोपावे.

ओंकारेश्वर या वेळी सोडावे. मंदिर बेटावर आहे, पूल आणि पायऱ्या टळत नाहीत. मांडूचेही तेच. जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप जिने न चढता पाहणे म्हणजे न पाहणेच होय. मांडूला एक अख्खा दिवस आणि धडधाकट पाय हवेत.

प्रश्न : जानेवारीत रेल्वेने तीन दिवस इंदूरला जात आहोत. सराफ्याबद्दल पुष्कळ ऐकले आहे. हिवाळ्यात नेमके काय खावे, आणि केव्हा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हिवाळ्यात इंदूरला जाऊन गराडू न खाता परतू नये. हा कोनफळाच्या जातीचा कंद थंडीतच मिळतो. सोलताना हाताला खाज सुटते म्हणून सोलणारे हातांना तेल लावतात. फोडी आधी तळून ठेवतात, आणि आपण मागणी केली की त्या पुन्हा कढईत सोडून वरून खरपूस करतात. मग त्यावर जिरावण, हा जिरे, आमचूर, काळे मीठ वगैरे घातलेला आंबट-तिखट मसाला भुरभुरून लिंबू पिळतात. बाहेरून कुरकुरीत आणि आतून पिठूळ, अशी ती फोड जीभ भाजते. तरीही ती गरमच खावी, कारण निवलेला गराडू चामट होतो.

सराफा ही राजवाड्यामागची सोन्याचांदीची पेठ आहे. दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांचे ठेले लागतात आणि ते मध्यरात्रीनंतरही चालू असतात. शनिवार-रविवार टाळून रात्री नऊच्या सुमारास जावे. प्रत्येक पदार्थाची एकच बशी घेऊन सर्वांनी वाटून खावी, नाहीतर तिसऱ्या ठेल्यावरच पोट भरते. किसलेले मक्याचे कणीस दुधात शिजवून केलेला भुट्टे का कीस आणि ताटाएवढा जलेबा यांसाठी जागा राखावी. येथे शिकंजी मागितल्यास लिंबाचे सरबत मिळणार नाही. ते सुकामेवा घातलेले दाट, गोड दूध असते.

सकाळी पोहे-जिलबी. इंदुरी पोह्यांना आपल्या कांदेपोह्यांसारखी सढळ फोडणी नसते. ते वाफेवर गरम ठेवतात, त्यांत बडीशेप असते आणि वर शेव, कच्चा कांदा व जिरावण. पोहे दहाच्या आत खावेत, नंतर ते कोरडे पडतात. दाल-बाफल्याचे जेवण दुपारीच घ्यावे, आणि तेही ज्या रात्री सराफ्यात जायचे नाही त्या दिवशी, कारण आधी उकडून मग भाजलेले आणि तुपात बुडवलेले बाफले फार जड असतात. परतताना जिरावणाची पुडी घ्यावी. घरच्या कोनफळाच्या तळलेल्या कापांवरही ते छान लागते.