गोल्फचे जुने टीव्ही सामने पाहायचेत? होगन-स्नीडपासून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय की, गोल्फ नुकतंच शिकायला घेतलंय, क्लबातली ज्येष्ठ मंडळी साठ-सत्तरच्या दशकांतल्या टीव्ही सामन्यांच्या आठवणींत रमतात, तर त्या सामन्यांत खरंच काही आहे का, की हा नुसता वयाचा जिव्हाळा? माझं उत्तर स्पष्ट आहे: खरंच आहे, आणि शिकणाऱ्यासाठी तर फारच आहे.

‘शेल्स वंडरफुल वर्ल्ड ऑफ गोल्फ’ ही मालिका अमेरिकेत १९६२ साली सुरू झाली आणि १९७० पर्यंत चालली. रचना साधी होती. दर भागात नवं मैदान, बहुतेकदा नवा देश, आणि समोरासमोर दोनच खेळाडू. १८ होलची एक फेरी खेळायची, ज्याचे फटके कमी तो जिंकला. निवेदनाला जीन सॅराझेन, म्हणजे १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेत १५व्या होलवर दुसराच फटका थेट होलमध्ये घालणारा माणूस. चित्रण फिल्मवर व्हायचं. कॅमेरे एका जागेवरून उचलून पुढच्या जागी मांडेपर्यंत खेळाडूंनी ताटकळत थांबायचं, त्यामुळे एका फेरीला तासन्‌तास लागत. मग मधलं थांबणं कापून, फटके जुळवून तासाभराचा कार्यक्रम तयार होई.

त्यातला एकच भाग पाहायचा असेल, तर १९६४ साली ह्यूस्टन कंट्री क्लबवर चित्रित झालेला बेन होगन विरुद्ध सॅम स्नीड हा दोन अमेरिकी दिग्गजांचा सामना पाहा. मी तो पहिल्यांदा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला आणि तेव्हापासून पाहतोच आहे. दोघांचा जन्म १९१२ चा, म्हणजे दोघांनीही पन्नाशी ओलांडलेली. स्नीडचा स्विंग इतका सैल आणि लयदार की पाहणाऱ्याचेही खांदे आपोआप ढिले पडतात. आणि ते काही गतवैभव नव्हतं. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५२व्या वर्षी, त्याने ग्रीन्सबरोची स्पर्धा जिंकली, आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतला सर्वांत वयस्कर विजेता हा त्याचा मान अजून अबाधित आहे. समोर होगन. १९४९ मध्ये त्याच्या मोटारीवर बस आदळली होती. तो पुन्हा चालेल का, अशीच तेव्हा शंका होती. पुढच्या वर्षी त्याने यूएस ओपन जिंकली.

त्या दिवशी ह्यूस्टनला होगनचा एकही ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) फेअरवेबाहेर, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याबाहेर, गेला नाही आणि अठराच्या अठरा ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) त्याने ठरलेल्या फटक्यांत, म्हणजे शेवटच्या दोन फटक्यांची सोय राखून, गाठले. स्वतः खेळायला लागलात की या वाक्याचं वजन कळेल. चांगल्या व्यावसायिकाचेही चार-पाच ग्रीन हुकतातच. होगन ६९, स्नीड ७२. पण मला सर्वांत भिडतं ते होगनचं पटिंग, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवत होलमध्ये घालणं; असा एक फटका म्हणजे ‘पट’. तोवर ते पार बिघडलेलं होतं. बॉलवर वाकून तो उभा राहतो आणि हात मागे जातच नाही. आपण श्वास रोखून बसतो. टीपासून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून, ग्रीनपर्यंत अचूक असलेला माणूस शेवटच्या काही फुटांसाठी झगडतो, आणि कॅमेरा ते सगळं न कापता दाखवतो.

याच न कापण्यात माझ्या मते त्या सामन्यांचं मोल आहे. आजच्या प्रक्षेपणात एकाचा पट दिसला की लगेच भलत्याच होलवरचा कुणाचा तरी ड्राइव्ह. मैदानावर दीडशे खेळाडू असताना दुसरं काही करणंही अवघड, हे मान्य. पण बॉल तिथे आला कसा, ते मात्र कळत नाही. जुन्या सामन्यात दुसरा फटका सोपा दिसतो, कारण पहिला फटका मुद्दाम फेअरवेच्या त्या अंगाला ठेवला होता, आणि तो ठेवतानाही आपण पाहिलेलं असतं. होल कसा विचार करून खेळायचा, हे एवढं उघड मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

थेट प्रक्षेपणात असा अनुभव क्वचितच मिळतो. तो १९७७ च्या ब्रिटिश ओपनने दिला, स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला. टॉम वॉटसन आणि जॅक निकलॉस यांच्या पहिल्या तीन फेऱ्या तंतोतंत सारख्या: ६८, ७०, ६५. शेवटच्या दिवशी दोघं एकत्र, आणि बाकीची स्पर्धा इतकी मागे पडलेली की तिसरा आलेला ह्यूबर्ट ग्रीन निकलॉसपेक्षाही १० फटके मागे राहिला. त्यामुळे कॅमेऱ्यालाही दुसरीकडे जायचं कारण उरलं नाही. १५व्या होलवर वॉटसनने ग्रीनच्या बाहेरून लांबलचक पट घातला आणि बरोबरी झाली. १७व्यावर निकलॉसचा छोटा पट हुकला. १८व्यावर वॉटसनचा दुसरा फटका होलपासून दोन-तीन फुटांवर येऊन थांबला. निकलॉसचा ड्राइव्ह उजवीकडे काटेरी झुडपांपाशी. संपलंच म्हणायचं. तरी त्याने तिथून बॉल ग्रीनवर आणला आणि तीसेक फुटांचा पट घातला! आता वॉटसनच्या त्या छोट्या पटालाही धाप लागावी, अशी वेळ आली. त्याने तो घातला. शेवटच्या फेरीत ६५ विरुद्ध ६६. मैदानाबाहेर जाताना निकलॉसचा हात वॉटसनच्या खांद्यावर होता.

दोन्ही सामने यूट्यूबवर शोधा. टर्नबेरीचे निदान शेवटचे चार होल सलग पाहा, आणि होगनचा सामना मात्र पुढे न पळवता; त्याच्या पटांच्या वेळी तर मुळीच पळवू नका.