पाळक आणि भजनकार म्हणून रेव्हरंड ना. वा. टिळकांचं आयुष्य कसं होतं?

तुम्ही विचारलंय, शाळेत 'केवढे हे क्रौर्य!' शिकवताना भेटलेले टिळक खरोखर चर्चचे पाळक होते का, आणि त्यांची भजनं आज कोणी गातं का?

होते. आणि गातात! मी नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे रविवारी 'उपासना संगीत' हे भजनांचं पुस्तक उघडलं की टिळकांचं भजन निघतंच. आजीला लिहिता येत नव्हतं, पण त्यांची कितीतरी पदं तिला तोंडपाठ होती. भाकऱ्या थापताना ती गायची. हे कुणा कवीनं रचलेलं आहे, हे मला बरीच मोठी झाल्यावर कळलं.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन घरात. नाशकात संस्कृत शिकले. १८९३-९४ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी बोलणं झालं आणि त्यानं 'नवा करार' हातात ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. पुढचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचा, त्यांच्याइतकं कोणालाच सांगता येणार नाही. नवरा धर्म सोडून गेला आणि ही बाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळी राहिली. मग नगरला आली, आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं मोठेपण सांगताना लोक लक्ष्मीबाईंची ही वर्षं एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून होतं. तिथेच १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण पाळक म्हणून त्यांचं खरं काम मला गाण्यात दिसतं. तेव्हा उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली, भाषांतरित गीतं खूप होती. मराठी शब्दांना ती चाल अंगाला न बसणाऱ्या सदऱ्यासारखी व्हायची, आघात भलत्याच अक्षरावर पडायचा. टिळकांनी अभंग, ओवी, पद घेतलं. टाळ आणि पेटी घेऊन बसलेल्या खेड्यातल्या माणसाला पहिल्या ओळीला सूर सापडावा, असं रचलं. ख्रिस्ती कीर्तन नगरला कृष्णराव सांगळ्यांनी आधीच रुजवलं होतं, टिळकांनीही ते आपलंसं केलं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्या भजनांतला येशू विठ्ठलासारखा 'माउली' होतो, तो तिथूनच. काही मिशनऱ्यांना आणि आपल्यातल्याही काहींना हे फार 'हिंदू' वाटे. मला मात्र वाटतं, त्यांनी हे केलं नसतं तर आजीला देवाशी बोलायला स्वतःची भाषा मिळाली नसती.

मनानं ते कवींच्या मेळ्यातलेच राहिले. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्यांनी ठोंबरे नावाच्या कोवळ्या पोराला हेरलं, पुढे तो बालकवी म्हणून त्यांच्या घरीच राहिला. १९१२ पासून 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादनही त्यांच्याकडे होतं.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला गेले. पगारी पाळक राहून मोकळेपणानं बोलता येत नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र. आजच्या चर्चलाही हे झेपेल का, सांगता येत नाही. ९ मे १९१९ ला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते गेले, वय जेमतेम सत्तावन्न.

मागे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्ताच्या आयुष्यावरचं काव्य अर्धवट राहिलं. साडेदहा अध्याय त्यांचे. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना नवऱ्यानं घरीच अक्षरओळख करून दिली होती. १९३६ मध्ये त्याही गेल्या. शेवटचा अध्याय दत्तूनं, म्हणजे देवदत्त टिळकांनी लिहिला, आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून आला.

ऐकायचं असेल तर एखाद्या रविवारी नगरच्या कुठल्याही मराठी चर्चमध्ये या, मागच्या बाकावर बसा. गाणं सुरू झालं की शेजारची बाई स्वतःहून पुस्तक तुमच्यापुढे धरेल.