अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ सूज आणि व्रण राहण्याचा आजार) असेल तर पुढे आतड्याचा कॅन्सर होतोच का? आणि अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी तो टळतो का?

होतोच असं नाही, पण धोका वाढतो. मोठ्या आतड्याला वर्षानुवर्षं सूज राहिली की तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला बनवलेली ऑक्सिजनची तिखट संयुगं सोडत राहतात. त्यांचा मारा आपल्याच पेशींच्या डीएनएवरही होतो. त्यातलं ग्वानिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) बिघडलं की पेशी दुप्पट होताना समोर चुकीचं अक्षर बसतं. एरवी अशा चुका दुरुस्त होतात; पण सुजेमुळे झीज भरायला पेशी घाईघाईने वाढत असतात, त्यामुळे काही चुका निसटतात. म्हणूनच कोलायटिसमधल्या कॅन्सरमध्ये पी५३ हे राखणदार जनुक बरंच लवकर बिघडतं. नेहमीच्या, पॉलिपमधून (आतड्याच्या आतल्या छोट्या गाठीतून) होणाऱ्या कॅन्सरमध्ये सुरुवात बहुधा एपीसी जनुकापासून होते.

अँटिऑक्सिडंट म्हणजे अशी ऑक्सिजनची संयुगं निष्प्रभ करणारे पदार्थ; पण त्यांच्या गोळ्यांचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, त्यावर पैसे घालवू नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट दिलं, तर फुफ्फुसाचा कॅन्सर उलट वाढलेला दिसला (१९९४). त्यापेक्षा, बरं वाटलं म्हणून सुजेची औषधं मनाने बंद करू नका, आणि त्रास सुरू होऊन ८ वर्षं झाली असतील तर कोलोनोस्कोपीबद्दल (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) डॉक्टरांना विचारा.