अमेरिकेत स्टेट कोर्टाच्या शिक्षेनंतर हेबियसच्या अपिलात माणूस सुटतो का?

सुटतो, पण फार थोडे सुटतात. फेडरल जजने हेबियस (स्टेटने घटनेतला हक्क डावलून आत ठेवलंय, सोडा, असा फेडरल कोर्टातला अर्ज) फेटाळला, आता वर चान्स किती असं तुम्ही विचारलंय, पण आधी तारखा तपासा हो. मी ओहायोत एका वकिलाकडे पॅरालीगल, म्हणजे कागदपत्रांची मदतनीस, होते, आणि आमचे भावोजी दर दिवाळीला व्हिडिओ कॉलवर ऐकवतात की तुमच्या अमेरिकेत खुनी टेक्निकल मुद्द्यावर सुटतात. सुटतात कसले, टेक्निकल मुद्द्यावर आत राहतात!

आमच्याकडे एक बाई यायच्या, मुलगा जेलमध्ये. आधीच्या वकिलाने सांगितलेलं की घाई नाही, स्टेटमधला पोस्ट-कन्व्हिक्शनचा (मूळ अपिलानंतर शिक्षेला पुन्हा आव्हान देणारा) अर्ज निकालात निघाला की फेडरल हेबियस टाकायला वर्ष मिळतं. साफ चूक. १९९६च्या कायद्याने ते वर्ष मूळ अपील संपलं की सुरू होतं, स्टेटचा अर्ज पेंडिंग असेपर्यंत नुसतं थांबतं, परत पहिल्यापासून मोजत नाहीत, आणि या महाशयांनी तो अर्ज टाकेपर्यंतच बरंचसं वर्ष घालवलेलं. वकिलाच्या साध्या हलगर्जीला कोर्ट सूट देत नाही. त्या बाई विचारायच्या, चूक त्याची तर भोगायचं माझ्या पोराने का? काय सांगणार!

भावोजींना मी बोल्सची केस सांगितली. कीथ बोल्स, ओहायोचाच, खुनाची शिक्षा. हेबियस फेटाळल्यावर अपिलाची मुदत टळली म्हणून जजने परत वेळ दिला, नियमात १४ दिवस असताना ऑर्डरमध्ये १७ लिहिले, वकिलाने १६व्या दिवशी अपिलाची नोटीस दिली. २००७ साली सुप्रीम कोर्ट ५-४ने म्हणालं, उशीर झाला. जजचीच चूक होती तरी! भावोजी म्हणे, पण खून केलाच होता ना? आता बोला.

बाकी अपील आपोआप लागत नाही, सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी लागतं, म्हणजे घटनेतला हक्क डावलला गेला हा मुद्दा निदान वाद घालण्याजोगा आहे एवढं दाखवायचं. जजने नाकारलं तर सर्किट कोर्टाकडे (वरचं फेडरल अपील कोर्ट) मागा. अपिलाची नोटीस मात्र हेबियस फेटाळल्यापासून ३० दिवसांत.

मी वकील नाही हं, आणि ते काम सोडलंय. निर्दोष असल्याचा भक्कम नवा पुरावा असेल तर वर्ष उलटूनही केस ऐकली जाऊ शकते, २०१३ला सुप्रीम कोर्टानेच मान्य केलंय. फाशीची केस सोडली तर हेबियसला वकील हक्काने मिळत नाही, बरेच कैदी स्वतःच लिहितात. तसं असेल तर जेलच्या टपालात कागद दिल्याची तारीख हीच दाखल केल्याची तारीख धरतात, त्या तारखेचा पुरावा तुमच्या आतल्या माणसाला जपून ठेवायला सांगा.