सहायक श्वानासह दुकानात प्रवेश: कुठे ठाम राहावे, कुठे समजुतीने घ्यावे

ताई, आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की आपला धाकटा भाऊ पूर्ण अंध असून प्रशिक्षित लॅब्राडोरच्या साहाय्याने लातुरात एकटा वावरतो. गंजगोलाईतील एक कापड दुकान, एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा आणि एक खानावळ या तिन्ही ठिकाणी त्याला “कुत्रं बाहेर बांधा, मग आत या” असे सुनावण्यात आले. आणि तिघांविरुद्ध एकदमच तक्रार करावी काय, असे आपण विचारता. माझे यजमानही अंध आहेत आणि नांदेडात असाच श्वान घेऊन हिंडतात. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे, की ही तीन प्रकरणे एकाच तराजूत घालू नयेत.

आधी कायद्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, परंतु त्यात सहायक श्वानाचा शब्दानेही उल्लेख नाही. म्हणून “कायद्याने कुत्र्याला परवानगी आहे” असे म्हणून वादाला उभे राहिले, की समोरचा “कलम दाखवा” म्हणतो आणि आपण तिथेच अडतो. मांडायचा मुद्दा ग्राहकाच्या हक्काचा आहे. वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखी सेवा घेता यावी म्हणून करायचा आवश्यक बदल, नाकारणे हाही भेदभावच, असे या अधिनियमाच्या व्याख्येत म्हटले आहे, आणि सार्वजनिक सेवांच्या व्याख्येत खरेदी, बँकिंग व आरोग्यसेवा यांचा समावेश आहे. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या अनुच्छेद २० मध्ये सजीव साहाय्य (माणसाची किंवा प्राण्याची मदत) मिळणे सुकर करण्याची जबाबदारी शासनावर आहे, आणि वाजवी सोय त्या त्या व्यक्तीच्या गरजेनुसार ठरवावी, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात २०२१ साली स्पष्ट केले आहे. इतके जोडून सांगितले म्हणजे बाजू भक्कम होते.

“बाहेर बांधा” या सूचनेला मात्र कायद्यापेक्षा व्यवहाराचे उत्तर अधिक लागू पडते. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळिसावर गेलेला असताना डांबरावर कुत्र्याचे पंजे भाजतात. बांधलेल्या कुत्र्यावर गल्लीतली मोकाट कुत्री तुटून पडतात आणि त्याला पळताही येत नाही. आणि आत गेलेल्या अंध माणसाला काउंटर कुठे, पायरी कुठे, हे सांगणारे कोणी उरत नाही. हे शांतपणे सांगितले, की निम्मे दुकानदार तिथेच नरमतात.

कापड दुकानाबाबत म्हणूनच तक्रारीची घाई नको. सकाळी गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा मालकांना भेटावे. नोकराशी हुज्जत घालू नये, कारण त्याला निर्णयाचा अधिकार नसतो. भावाने “बस” म्हणताच श्वान चारही पाय पोटाशी घेऊन स्टुलाखाली सरकतो आणि पट्ट्याची ताठ मूठ भावाच्या गुडघ्याशी राहते, हे मालकांनी एकदा डोळ्यांनी पाहिले, की पुष्कळशी भीती जाते. अमेरिकेत दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात: हा श्वान दिव्यांगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. आपल्याकडे तसा नियम नाही, तरी ही दोन उत्तरे आपण होऊन द्यावीत. काही दुकानदारांना नमाजाच्या कपड्यांना कुत्र्याची लाळ लागू नये, अशी खरी अडचण असते. तिथे श्वान भावाच्या पलीकडच्या बाजूला बसवला, तर दोघांचाही मान राहतो. हा हटवादीपणाचा विषय नाही.

बँकेत मात्र माघार घेऊ नये. शाखाधिकाऱ्यांना तारीख, वेळ आणि रक्षकाचे शब्द नमूद करून लेखी पत्र द्यावे व पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. शिवाय बँक केंद्राच्या अखत्यारीतील असल्याने दिव्यांगांसाठीच्या मुख्य आयुक्तांकडे, दिल्लीला, तक्रार करता येते. खाजगी दुकानाची तक्रार पुण्याच्या राज्य आयुक्तांकडे जाईल. वकिलाच्या खर्चाची चिंता नको. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळते.

रुग्णालय किंवा बसस्थानकाच्या दारात कोणी सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश पुढे केला, तर तो मोकाट कुत्र्यांबद्दल आहे, मालकासोबत पट्ट्यात चालणाऱ्या श्वानाबद्दल नाही, एवढेच सांगावे.

खानावळीची बाजू सर्वांत नाजूक आहे, आणि हे आपल्याला आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना नियमांतील अनुसूची ४ प्रमाणे खाद्यपदार्थांच्या जागेत पाळीव प्राण्यांना मनाई आहे. त्यामुळे परवाना जाण्याची भीती बोलून दाखवणारा चालक सबबच सांगतो आहे, असे म्हणता येत नाही. अंध ग्राहकाच्या सोयीसाठी या मनाईला अपवाद असावा, असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो करीनही, पण पहिली लढाई या मैदानावर लढू नये. तूर्त बाहेरच्या मांडवातील टेबल किंवा गर्दी नसलेली वेळ मागावी.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे शासकीय ओळखपत्र), रेबीज लसीकरणाचा चालू दाखला आणि महापालिकेचा श्वान परवाना जवळ असावा. इंटरनेटवर पैसे घेऊन मिळणारी “सर्व्हिस डॉग” ओळखपत्रे घेऊ नयेत; त्यांना आपल्याकडे कायदेशीर किंमत नाही, आणि एखाद्या जाणकार अधिकाऱ्याने ती ओळखली, तर खरी कागदपत्रेही संशयात येतात.

अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. ते कलम काउंटरवर धमकीसारखे वापरू नये. रक्षकाने केवळ अडवले, की शिवीगाळ करून हाकलले, हे भावाला नीट विचारून घ्या आणि दुसरे घडले असेल, तरच बँकेच्या पत्रात त्याचा उल्लेख करा.